फुलांचे पाणी आणि मनाचे दुखणे

भाद्रपदात गौरी येतात त्या महाराष्ट्रातील कितीतरी घरांत तेरड्याच्या रोपांच्या रूपाने येतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण ज्याच्यावरून पडली त्या या झाडाची आणखी एक खोड खेड्यातल्या मुलांना चांगली ठाऊक असते. त्याच्या पिकलेल्या बोंडाला नुसते बोट लागले की ते ताडकन फुटते आणि बिया चहूकडे उडतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळाला 'इम्पेशन्स' असे लॅटिन नाव दिले आहे आणि त्याचा अर्थच मुळी 'उतावळा', ज्याला दम म्हणून धरवत नाही असा.

या कुळातील एक थोराड बहीण पश्चिम हिमालयात, काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत, ओढ्यानाल्यांच्या काठी वाढते. ती पुरुषभर उंच होते आणि तिला गुलाबी-जांभळ्या टोपडीसारखी फुले येतात. १८३९ च्या सुमारास शोभेचे झाड म्हणून तिचे बी इंग्लंडात गेले. बागेचे कुंपण तिने केव्हाच ओलांडले आणि तिथल्या नद्यांचे काठ व्यापले. आज तिथे ते उपद्रवी तण गणले जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते रानात लावण्यास २०१० पासून कायद्याने मनाई आहे आणि त्याला आवर घालण्यासाठी हिमालयातूनच मिळवलेली तांबेऱ्याची एक बुरशी २०१४ पासून तिथे सोडण्यात आली. ज्याचे त्यालाच ठाऊक असते म्हणतात, ते असे.

पण आजचा आपला विषय तणांचा नाही. १९२८ साली वेल्समध्ये फिरत असताना एका इंग्रज डॉक्टरांनी याच झाडाची फुले तोडून घेतली, त्यांचे औषध तयार केले आणि ते उतावीळ, चिडखोर स्वभावाच्या रुग्णांना दिले. हे डॉक्टर म्हणजे एडवर्ड बाख. आपल्याकडे होमिओपाथीच्या दुकानांत 'बॅच फ्लॉवर' या नावाने ज्या छोट्या बाटल्या मिळतात त्यांचे जनक हेच. हिमालयातून गेलेले फूल थेंबांच्या रूपाने पुन्हा आपल्याकडे आले आहे. या थेंबांनी दुःख हलके होते, भीती जाते, खिन्नता ओसरते असे पुष्कळ लोक मनापासून सांगतात. माणसेच काय, फटाक्यांना घाबरणारा कुत्रा आणि नव्या घरात रुसून बसलेली मांजरसुद्धा यांनी ताळ्यावर येते, असेही सांगतात. यात खरे किती आणि मानलेले किती, हा आजचा प्रश्न.

डॉ. बाख हे काही जडीबुटी विकणारे भोंदू नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. १८८६ साली बर्मिंगहॅमजवळच्या मोझली येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या पितळेच्या ओतशाळेत काही वर्षे काम करून मग ते वैद्यकाकडे वळले आणि १९१२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधून डॉक्टर झाले. पुढे ते जंतुशास्त्राकडे वळले. १९१७ साली ते रक्तस्रावाने कोसळले, शस्त्रक्रिया झाली आणि आता तीनच महिने उरले असे त्यांना सांगण्यात आले, असे त्यांच्या सहकारी व चरित्रकार नोरा वीक्स यांनी लिहिले आहे. ते जगले ते पुढे एकोणीस वर्षे. १९१९ पासून ते लंडनच्या होमिओपाथिक रुग्णालयात होते. तेथे त्यांनी आतड्यातील जंतूंपासून लसवजा सात औषधे केली आणि बरेच नाव मिळवले. रोग एकच असला तरी रोगी निरनिराळे असतात आणि औषध योजावयाचे ते रोग्याच्या स्वभावाकडे पाहून, हे होमिओपाथीतील सूत्र त्यांच्या मनात रुजले ते तिथेच.

१९३० साली त्यांनी लंडनमधला चालता व्यवसाय मोडला आणि ते फुलांच्या शोधात निघाले. आधी वेल्स, मग नॉरफोकच्या किनाऱ्यावरील क्रोमर हे गाव आणि १९३४ पासून ब्राइटवेल नावाच्या खेड्यातील माउंट व्हर्नन हे लहानसे घर, असा त्यांचा प्रवास झाला. प्रथम बारा फुले सापडली, मग सात, आणि १९३५ साली आणखी एकोणीस. अशी अडतीस औषधे पुरी झाल्यावर, आता यात भर घालावयाची नाही असे त्यांनी ठरवले. १९३६ च्या नोव्हेंबरात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते वारले. औषधे करण्याची रीत त्यांनी गुपित ठेवली नाही. ती पुस्तकात छापून टाकली, कोणीही करावी म्हणून. या एका गोष्टीसाठी तरी त्यांच्याविषयी आदर वाटतो.

ती रीत ऐकण्यासारखी आहे. निरभ्र दिवशी सकाळी काचेच्या वाडग्यात झऱ्याचे पाणी घ्यावयाचे, ताज्या फुलांनी त्याचा पृष्ठभाग झाकून टाकावयाचा आणि वाडगा सुमारे तीन तास उन्हात ठेवावयाचा. जी झाडे उन्हे प्रखर होण्यापूर्वीच फुलतात त्यांच्या फुललेल्या डहाळ्या अर्धा तास पाण्यात उकळावयाच्या. मग फुले काढून टाकावयाची आणि पाण्यात तितकीच ब्रँडी मिसळावयाची, म्हणजे ते नासत नाही. आपल्या आयुर्वेदातील हिम आणि फांट यांची कोणाला आठवण होईल, पण साम्य येथेच संपते. हिमात किंवा फांटात वनस्पतीचा अंश पाण्यात उतरावा हा हेतू असतो. डॉ. बाख यांची कल्पना अशी होती की उन्हाच्या योगाने फुलाची 'शक्ती' पाण्यात येते. द्रव्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

द्रव्य उरते तरी किती, ते हिशेब करून पाहू. निम्मी ब्रँडी मिसळलेल्या त्या पाण्याचे दोन थेंब तीस मिलिलिटर ब्रँडीत टाकतात. ही झाली दुकानातली बाटली. त्या बाटलीतले दोन थेंब पुन्हा तीस मिलिलिटर पाण्यात घालतात आणि त्यातले चार थेंब दिवसातून चार वेळा जिभेवर घेतात. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर एका वेळी पोटात जाणारे मूळचे फुलांचे पाणी एका मिलिलिटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास भरते. तेही फुलांचा रस नव्हे, फुले ज्यावर तरंगत होती ते पाणी. अडतीसांपैकी एक औषध तर फुलाचे मुळीच नाही. ते खडकातल्या झऱ्याचे नुसते पाणी आहे. स्वतःला अतिशय कडक शिस्तीत जखडून घेणाऱ्यांसाठी ते सांगितले आहे.

मग डॉ. बाख यांचे कर्तृत्व कशात? माझ्या मते ते बाटलीत नसून तिच्यावरच्या चिठ्ठीत आहे. अडतीस औषधे म्हणजे मनाच्या अडतीस अवस्थांची नोंद होय, आणि ती एका सूक्ष्म निरीक्षकाने केली आहे. भीतीचेच पाहा. डॉ. बाख भीतीला एक औषध देत नाहीत, पाच देतात. अपघातात किंवा दुःस्वप्नात माणसाची बोबडी वळते, हातपाय गळतात, ती एक भीती. तिला रॉक रोझ नावाचे पिवळे फूल. काळोखाची, कुत्र्याची, परीक्षेची, नोकरी जाण्याची, म्हणजे जिचे कारण सांगता येते ती दुसरी, तिला मिम्युलस. जिचे कारण सांगता येत नाही, दिवेलागणीला उगाचच जीव कासावीस होतो, ती तिसरी, तिला ॲस्पेन. या झाडाची पाने अगदी मंद झुळुकेनेही थरथरतात. चौथी भीती स्वतःसाठी नसतेच. मुलगा घरी यायला अर्धा तास उशीर झाला की आईच्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहते! 'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपण ज्याला म्हणतो ती ही भीती. तिला रेड चेस्टनट. आणि पाचवी सर्वांत भयंकर: आपलाच तोल जाईल, आपल्या हातून काही भलतेच घडेल, ही. तिला चेरी प्लम.

धास्ती, धडकी, हुरहुर, घोर, धसका असे शब्द मराठीत पुष्कळ आहेत, परंतु व्यवहारात आपण सगळ्यांवर 'टेन्शन' हे एकच लेबल चिकटवून मोकळे होतो. ज्याला आपल्या दुःखाचे नाव सापडत नाही त्याच्यासमोर डॉ. बाख यांची यादी ठेवली तर तो क्षणभर थांबतो. 'मला हे नाही, ते होते आहे' असे म्हणू लागतो. एकटेपण सोसणारे पण कोणाला जवळ येऊ न देणारे. चेहऱ्यावर हसू ठेवून आत जळणारे, त्यांना ॲग्रिमनी. भूतकाळातच राहणारे, त्यांना हनिसकल. दुसऱ्याच्या चुकीचाही दोष स्वतःकडे घेणारे, त्यांना पाइन. आणि दिवास्वप्नांत रमणारे, त्यांना क्लेमॅटिस, म्हणजे आपल्या सह्याद्रीत मोरवेल म्हणतात तिची विलायती बहीण. कारण नसताना मळभ दाटून यावे तशी खिन्नता येते, तिला रानमोहरी. हे वाचताना आपल्या ओळखीची माणसे एकेक करून डोळ्यांसमोर येतात. स्वतःचीही ओळख पटते, आणि ती नेहमीच सुखावह असते असे नाही.

या फुलांची निवड कशी झाली हे मात्र विसरून चालणार नाही. शेवटच्या एकोणीस औषधांच्या वेळी डॉ. बाख स्वतःच ती ती मनःस्थिती तीव्रतेने भोगीत आणि कोणत्या झाडाने आराम पडतो ते पाहात, असे त्यांच्या अनुयायांनी लिहिले आहे. एका अतिसंवेदनशील माणसाने स्वतःवर केलेले हे प्रयोग. कवीच्या अनुभवासारखे ते खरे असतील. दुसऱ्याला तोच गुण येईल याची हमी मात्र त्यातून मिळत नाही. ती हमी मिळवण्याचा मार्ग निराळा आहे. निम्म्या लोकांना खरे औषध द्यावयाचे, निम्म्यांना तशाच बाटलीतले नुसते ब्रँडीमिश्रित पाणी, आणि कोणाला काय दिले हे घेणाऱ्यालाही कळू द्यावयाचे नाही व देणाऱ्यालाही. अशा चाचण्या झाल्या आहेत. जर्मनीत परीक्षेच्या धास्तीने पछाडलेल्या लोकांवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गटांची धास्ती कमी झाली, आणि सारखीच कमी झाली. इंग्लंडमधील एक्सेटरचे प्राध्यापक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी २०१० साली अशा सात चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या पाण्याशी ज्यांत तुलना केली होती त्यांपैकी एकीतही फुलांचे औषध सरस ठरले नाही. सुदैवाने, त्याने अपाय झाल्याचेही दिसलेले नाही. इतके विरल औषध अपाय तरी काय करणार!

येथे कोणी म्हणेल, 'पण मला बरे वाटले त्याचे काय?' हा प्रश्न उडवून लावणे उद्धटपणाचे होईल. बरे वाटले हे खरेच असते. मनाची दुखणी भरती-ओहोटीसारखी असतात आणि माणूस औषध शोधू लागतो तो भरतीच्या शिखरावर. त्यानंतर ओहोटी यावयाचीच. शिवाय औषध घेण्याच्या कृतीतच काही गुण असतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० साली पोटाच्या जुनाट विकाराच्या ऐंशी रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींना त्यांनी 'या गोळ्यांत औषध नाही' असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या, आणि तरीही काहीच न दिलेल्यांपेक्षा त्यांना अधिक बरे वाटले. भावनेला नाव देण्यातही बळ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली दाखवले की रागावलेल्या किंवा भ्यालेल्या चेहऱ्याचे चित्र पाहून त्या भावनेला नाव दिले तर मेंदूतील भयाशी संबंधित केंद्राची खळबळ कमी होते. पुष्पौषधी देणारा भला माणूस रुग्णासमोर तासभर बसतो, त्याचे बोलणे न तोडता ऐकतो, आणि हे दुःख कोणत्या जातीचे ते त्याच्याकडूनच वदवून घेतो. गर्दीच्या दवाखान्यात पाच मिनिटांत जे घडत नाही ते येथे घडते. श्रेय थेंबांना मिळते, इतकेच. चरकसंहितेत औषधोपचाराचे जे तीन प्रकार सांगितले आहेत त्यांत सत्त्वावजय हा एक, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरून धरणे. त्यासाठी कोणते फूल हवे असे तिथे म्हटलेले नाही.

धोका कोठे आहे? परीक्षेच्या आदल्या रात्री चार थेंब घेणाऱ्या मुलाला तो नाही. धोका आहे तो महिनोन् महिने झोप उडालेल्या, अन्नावरची वासना गेलेल्या, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागलेल्या माणसाला. डॉ. बाख यांच्या यादीत पराकाष्ठेच्या हताशेलाही फुले आहेत आणि घरच्यांनी प्रेमाने तीच आणून दिली, तर उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. वेडाच्या डॉक्टरकडे कशाला जायचे, हा संकोच आपल्याकडे अजून आहे आणि निरुपद्रवी बाटली त्या संकोचाला सोयीचा आडोसा देते. घरात असे कोणी असेल तर त्याला एकटे ठेवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून सुरू आहे; १४४१६ हा तिचा क्रमांक आणि तिथे मराठीतही बोलता येते. ज्यांनी मद्य प्रयत्नपूर्वक सोडले आहे त्यांनी बाटलीत ब्रँडी असते हेही लक्षात ठेवावे.

आता मुक्या प्राण्यांकडे वळू. पुष्पौषधींचे पुरस्कर्ते येथे एक युक्तिवाद हमखास करतात. माणसाला विश्वासाने गुण येत असेल. कुत्र्याचा कशावर विश्वास? त्याला आला तो गुण औषधाचाच! ऐकताना हे बिनतोड वाटते. परंतु कुत्र्याला गुण आला हे सांगतो कोण? त्याचा धनी. अमेरिकेत संधिवाताने लंगडणाऱ्या अठ्ठावन्न कुत्र्यांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना औषध म्हणून औषधाचा अंशही नसलेली वस्तू दिली होती आणि पाय जमिनीवर किती भार देतो हे यंत्राने मोजले जात होते. यंत्र म्हणे, फरक नाही; तरी निम्म्याहून अधिक वेळा धनी म्हणत, सुधारणा आहे. पशुवैद्यसुद्धा दहांत चार वेळा तरी फसले. विश्वास कुत्र्याला लागत नाही, तो आपल्या डोळ्यांत असतो. पाय मोजण्याचे यंत्र निदान आहे; कुत्र्याच्या खिन्नतेसाठी तेही नाही. त्यातून प्राण्याचे मन ओळखण्यात आपण फार उदार असतो. नवे बाळ घरात आले आणि मांजर कोपऱ्यात घाण करू लागले की 'तिला मत्सर वाटतो' असे ठरवून होलीचे थेंब दुधात पडतात. ते बोका असेल आणि वारंवार कुंथूनही लघवी होत नसेल तर त्याची मूत्रनलिका तुंबलेली असण्याचा संभव असतो. एकदोन दिवसांत तो दगावू शकतो. तेथे मत्सराची चर्चा करीत बसण्यास वेळ नसतो, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा लागतो.

पाच फुलांचे मिश्रण करून 'रेस्क्यू रेमेडी' नावाचे जे औषध विकतात, ते दिवाळीच्या सुमारास कुत्र्यांसाठी विशेष खपते. बुडत्या गलबतावरून वाचवलेल्या एका कोळ्याला क्रोमरच्या किनाऱ्यावर डॉ. बाख यांनी यातील काही फुले दिली, अशी त्याची कथा सांगतात. प्राण्यांसाठी ब्रँडीऐवजी ग्लिसरीन घातलेला प्रकार मिळतो, तोच बरा. माणसांसाठी केलेल्या चघळण्याच्या गोळ्या मात्र कुत्र्याला चुकूनही देऊ नयेत. अशा काही गोळ्यांत झायलिटॉल नावाची साखर असते आणि ती कुत्र्यांना विषासमान आहे.

फटाक्यांच्या भयावर करण्याजोगे जे आहे ते दिवाळीच्या आधी दोन महिने सुरू करावयाचे असते. ध्वनिमुद्रित केलेला फटाक्यांचा आवाज आधी अगदी हळू, कुत्रे कानही टवकारणार नाही इतका, लावावा आणि त्याच वेळी त्याला आवडीचा खाऊ द्यावा. ते निर्धास्त राहिले तरच दिवसादिवसाने आवाज वाढवावा. दचकले की एक पायरी मागे यावे. भय फारच असेल तर पशुवैद्य खरे शामक औषध देतात आणि ते आधी एकदा देऊन पाहिलेले असावे. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याला संध्याकाळपूर्वीच फिरवून आणावे, गळ्यातल्या पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक असू द्यावा, कारण घाबरून पळालेली कुत्री वाट चुकतात. आतल्या खोलीची खिडकी लावून, पडदा ओढून, पलंगाखाली त्याची गोधडी टाकावी. ते तिथे लपले तर ओढून बाहेर काढू नये. जवळ येऊन अंगाला अंग लावून बसले तर खुशाल बसू द्यावे; कुरवाळल्याने भय वाढते हा समज चुकीचा आहे. बाहेरचा दणका बोथट व्हावा म्हणून खोलीत रेडिओ जरा मोठ्याने लावून ठेवला तरी चालतो.